सतरा नंबरचा भुगा

बिनखाडे हे त्यांचं आडनाव नव्हे. सत्तावीस वर्षांत त्यांनी कामावर एकही खाडा केला नाही, म्हणून कधीतरी कुणीतरी थट्टेनं तसं म्हटलं, आणि पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की टपालसुद्धा 'श्री. बिनखाडे' याच नावानं यायला लागलं. तेही ते निमूटपणे उघडून वाचायचे. खरं आडनाव फक्त मस्टरला ठाऊक होतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी दिसते. वर 'अखंड हजेरी' असं कोरलंय, खाली त्यांचं एकट्याचं नाव, तेही 'बिनखाडे' असंच, आणि त्याखाली पुढच्या महापुरुषांसाठी हातभर जागा मोकळी सोडलीय. साहेब दर वर्षी ती पाटी पुसून घ्यायचे आणि आम्हाला तिच्यासमोर उभं करून म्हणायचे, "बिनखाड्यांकडे बघा, काहीतरी शिका." आम्ही बघायचो. शिकलो एवढंच, की आजारी पडणं हा आमच्याकडे स्वभावदोष आहे. आजारपणाची रजा तीन दिवस आधी लेखी कळवावी, असा नियमच होता. ताप तीन दिवस आधी कळवून येत नाही हे साहेबांना सांगायची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

मी बिनखाड्यांच्या पलीकडच्या खोलीत काम करते. लोकांच्या दंडातून रक्त काढायचं, त्यातले थोडे थेंब पोषक द्रवात घालून दोन दिवस उबेत ठेवायचे, आणि त्यातल्या पेशी एकीच्या दोन व्हायच्या बेतात आल्या की औषध घालून त्यांना जागच्या जागी थांबवायचं, हे माझं काम. त्या ऐन घडीलाच पेशीतली गुणसूत्रं आवळून जाड होतात आणि डोळ्याला दिसतात. मग मी हातभर उंचीवरून काचेवर थेंब सोडते. पेशी पसरते आणि शेहेचाळीस गुणसूत्रं काचेवर विखुरतात. पुढचं काम बिनखाड्यांचं. उजवा डोळा मायक्रोस्कोपला, डाव्या हातात आकडे पुढे सरकवणारी खटखटी, आणि तोंडात एक लवंग. एका माणसाच्या शंभर पेशी बघायच्या आणि किती ठिकाणी गुणसूत्र तुटलंय ते मांडायचं. तुटकं असलं की एक खट्. दिवसभर त्या खोलीतून दुसरा आवाज यायचा नाही.

तर त्या वर्षी रंगाच्या कारखान्याचं काम आलं. तिथल्या मिक्सिंग खात्यात बाराजण मोठमोठ्या पिंपांत रंग कालवायचे. खोलीला खिडक्या नावापुरत्या, आणि थिनरचा वास असा की संध्याकाळी घरी जाऊन आंघोळ केली तरी केसांतून जात नाही. डोकी दुखायची, चक्कर यायची. दोन वर्षं भांडल्यावर मालकानं कबूल केलं की प्रयोगशाळेनं बाराजणांचं रक्त तपासावं. साध्या माणसांपेक्षा त्यांची गुणसूत्रं जास्त तुटलेली निघाली, तर वाफ ओढून नेणारे पंखे बसवू. नाही निघाली, तर विषय बंद, पुन्हा तोंड उघडायचं नाही. तसा कागदच झाला होता.

त्या बाराजणांत बिनखाड्यांची धाकटी बहीण होती.

ती आमच्याच गल्लीत राहते, म्हणजे बिनखाड्यांबरोबरच. तिचा नवरा वारल्यापासून भाऊ-बहीण दोघंच. मी कारखान्यात जाऊन तिचं रक्त घेतलं तेव्हा ती हसत म्हणाली, "दादाला सांग हं, नीट मोज म्हणावं. मोजायला बसला की त्याला जग दिसत नाही, बहीण तरी कुठून दिसणार!"

दिसायची सोयच नव्हती. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा हे ऑफिसातला लेखनिक चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी पाकिटात घालून पाकिटाला लाख लावतो, आणि पाकीट साहेबांच्या खणात जातं. सगळं मोजून झाल्यावरच ते फुटतं. ही आमची रीत चांगली आहे. आमच्याकडे चांगलं असं जे थोडंथोडकं आहे, त्यात मी ती धरते.

आता तुलनेसाठी थिनरशी संबंध नसलेली बारा साधी माणसं हवी होती. साहेब म्हणाले, "बाहेर कशाला शोधत बसता? आपलाच स्टाफ घ्या. आपल्याइतकी साधी माणसं कुठे मिळणार?" मला पटलं. खरं सांगायचं तर मला जिना उतरायचा कंटाळा आला होता.

कारखान्यातलं रक्त घेऊन तीन आठवडे झाले होते. आणि मधल्या काळात शहरात तापाची साथ सुरू झाली होती. अंगावर बारीक पुरळ, घसा धरलेला, डोळे लाल. डॉक्टर म्हणत, कुठलासा विषाणू आहे, घरी पडून राहा. आमच्या इमारतीत तो पहिल्यांदा बिनखाड्यांच्या अंगात शिरला. सोमवारी ते गळ्यापर्यंत बटणं लावून आणि वर मफलर गुंडाळून आले. दिवसभर खोकत होते आणि खटखटीवर आकडे सरकवत होते. मी म्हटलं, "अहो, घरी जा."

"निवृत्तीला सहा महिने राहिलेत, बाई. आता कशाला पाटीला डाग?"

पुढच्या सोमवारपर्यंत अर्धं ऑफिस खोकत होतं. आणि घरी कुणीही गेलं नाही. बिनखाडे येतात म्हटल्यावर कोण जाणार? जिन्यात दोन माणसं भेटली की आधी शिंकायची, मग नमस्कार करायची. त्याच आठवड्यातल्या बुधवारी मी स्टाफमधल्या बाराजणांचं रक्त घेतलं.

रक्ताआधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे: 'गेल्या महिन्यात ताप, पुरळ वा इतर आजार?' यादीत बिनखाडे पहिले. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'. बाकीच्या अकराजणांनी त्याच्याखाली नुसत्या दोन रेघांची खूण केली. वरीलप्रमाणे. आमच्या ऑफिसात सगळं असंच चालतं; एकजण लिहितो आणि बाकीचे रेघा मारतात. बिनखाड्यांचा दंड धरला तर तवा तापल्यासारखा. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी छताकडे बघितलं. मी सुई टोचली. यादीत नववी मीच होते. नाक पुसलं आणि मीही रेघा मारल्या.

पुढचे चार आठवडे चोवीस माणसांच्या काचा बिनखाड्यांच्या टेबलावर होत्या. पहिल्याच आठवड्यात एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. आवाज बदललेला वाटला.

"बाई, जरा बघा. सतरा नंबर."

मी डोळा लावला. जिथे शेहेचाळीस सुटी गुणसूत्रं दिसायला हवीत, तिथे नुसता भुगा होता. जात्यातून निसटलेल्या कण्यांसारखे बारीक बारीक तुकडे, मोजायला घ्यावं तर सुरुवात कुठून करायची हेच कळेना.

"अशा पाच पेशी आहेत या एका माणसात. शिवाय तुटलेली वेगळीच. हा माणूस कुठल्या पिंपात बुडाला होता?" त्यांनी लवंग थुंकली. "माणूस कशाला म्हणायचं. ती असणार. पिंपाच्या तोंडाशी तीच उभी असते."

मी म्हटलं, "नंबर फुटल्याशिवाय असं बोलू नये."

"मला माहीत आहे काय बोलू नये ते," असं म्हणून ते पुन्हा मोजायला बसले, पण त्या दिवशी खट् खट् फार हळू येत होतं.

घरी काय चाललं होतं ते बहिणीनं मला नंतर सांगितलं. "रोज मी कामावरून आले की दादा मला खिडकीपाशी बसवायचा. पेलाभर दूध हातात द्यायचा आणि संपेपर्यंत समोर उभा राहायचा. भांडी घासू देईना. एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून रडला. मी म्हटलं, दादा, मला काय झालंय ते मला तरी सांग! तर म्हणतो कसा, नियम आहे. मला वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला."

सत्तावीस वर्षांत त्या माणसानं नियम मोडला नव्हता, म्हणून एक बाई महिनाभर स्वतःला मरणाच्या दारात समजत दूध पीत होती. नियमाचं मला कौतुक आहे हे मी वर लिहिलंच आहे. पण हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, हेही लिहून ठेवते.

मोजणी संपली. साहेबांच्या खोलीत पाकीट फुटलं. साहेबांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले. बिनखाडे खुर्चीच्या कडेवर बसले होते, हात गुडघ्यांत घट्ट दाबलेले. त्यांच्या बहिणीचा नंबर पाच निघाला. शंभर पेशींत सात ठिकाणी तुटलेलं, भुगा एकही नाही. बिनखाड्यांनी इतका मोठा श्वास सोडला की साहेबांनी वर बघितलं.

"आणि सतरा?" मी विचारलं.

साहेबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "सतरा... हे तर तुम्हीच, बिनखाडे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला हसू आलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून ते जिथल्या तिथे विरलं.

साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी बेरजा बघितल्या. कामगारांची सरासरी सात, स्टाफचीही सातच. "फरक नाही!" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "म्हणजे थिनरनं काही होत नाही. सुटला प्रश्न. मी कारखान्यात फोन करून टाकतो." जणू बाराजणांना जीवदान दिल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. आपल्या स्टाफची गुणसूत्रं दिवसभर थिनर हुंगणाऱ्यांइतकी का तुटावीत, हा प्रश्न त्यांना शिवलाही नाही.

तो बिनखाड्यांना शिवला. तिसऱ्या दिवशी सगळ्या काचा पुन्हा काढून बसले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "भुगा झालेल्या पेशी एकूण एकवीस आहेत. एकवीसच्या एकवीस आपल्या माणसांत. कारखान्यातल्यांत एकही नाही. पूर्वी इस्पितळातून एका तापकरी मुलाचं रक्त आलं होतं, त्यात मी असा भुगा बघितला होता. बाई, हे आपल्या तापाचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. मी दारात होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"विषाणूला स्वतःचं घर नसतं, साहेब. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपली पिलावळ वाढवतो. गुणसूत्र तुटलं तर ते सांधायला पेशीकडे कारागीर असतात, त्यांनाच तो आपल्या कामाला जुंपतो. मग तुटलेलं तसंच पडून राहतं. काही विषाणू तर शेजारशेजारच्या पेशी चिकटवून एक करतात. एक विभागायला तयार असते, दुसरी नसते. पहिलीच्या घाईत दुसरीची गुणसूत्रं फरफटत ओढली जातात, आणि तयारी नसल्यामुळे त्यांचा भुगा होतो."

"आणि पुढे?"

"ती पेशी मरते. माणूस बरा झाला की नव्या पेशी येतात. काही विषाणू कायमचा मुक्काम ठोकतात ते सोडा, पण या तापात दीड-दोन महिन्यांनी रक्त स्वच्छ दिसायला हवं. थिनरचं तसं नाही. ते रोज नाकात जातं. त्या लोकांना बरं व्हायला सुट्टीच मिळत नाही. आपल्या बाराजणांचं रक्त पुन्हा घेऊ या."

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "इथे तर सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय. ताप होता कुणाला?"

बिनखाडे फॉर्मवरच्या आपल्याच सुवाच्य अक्षराकडे बघत राहिले.

"तुमची बहीण आहे ना तिथे?" साहेब मऊ आवाजात म्हणाले. "मी समजू शकतो. पण हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? ताप असताना इमारतीत यायला आरोग्य नियमाप्रमाणे बंदी आहे. ताप होता असं लेखी दिलंत, तर ते दिवस गैरहजेरीत जातील. चार महिने राहिलेत. तुमचा सत्कार ठरलाय." मग हळूच, "पाटीचाही विचार करा."

साहेब वाईट नाहीत. माणूस कुठे मऊ आहे ते त्यांना बरोबर कळतं, एवढंच.

बिनखाडे बाहेर आले आणि माझ्या खोलीतल्या स्टुलावर बसले. हातात लवंग होती, ती नुसतीच बोटांत फिरवत होते.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई. मीच ताप घेऊन आलो, मीच वाटला, मीच 'नाही' लिहिलं, आणि महिनाभर तिला दूध पाजत बसलो."

मीही रेघा मारल्या होत्या. त्यांच्या तापलेल्या दंडाला हात तर माझाच लागला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उगाचच धुतलेल्या नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

त्यांनी कागद मागितला. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी लिहिलं: 'त्या बुधवारी व त्याआधीचे नऊ दिवस मला ताप होता व अंगावर पुरळ होते. मी तरीही कामावर आलो. फॉर्ममध्ये मी खोटे लिहिले. माझा नमुना रद्द धरावा.' खाली सही केली. खरं आडनाव लिहून. मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"एकट्याचा नमुना रद्द होऊन भागणार नाही," ते म्हणाले. "निदान निम्म्यांनी तरी सांगायला हवं."

कागद ऑफिसभर फिरला. लेखनिकानं वाचला आणि खाली ठेवला. भांडारातल्या काकांनी वाचला आणि चष्मा घरी राहिलाय म्हणाले. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. दुपारी कागद फिरून फिरून माझ्याकडे आला, बिनखाड्यांच्या सहीखाली कोराच्या कोरा. मी पेन उचललं. काय लिहावं सुचेना. शेवटी त्यांच्या वाक्याखाली दोन रेघांची खूण केली आणि पुढे सही ठोकली.

मग गंमत झाली. नवं लिहायची हिंमत कुणात नव्हती, पण रेघा मारायची सवय सगळ्यांना होती. लेखनिकानं परत मागवून रेघा मारल्या. काकांना चष्मा सापडला. संध्याकाळपर्यंत बारापैकी आठजणांच्या सह्या झाल्या. साहेबांचा आवडता टंकलेखक आठवा होता, तेव्हा तर साहेबांना घाम फुटला.

आठ नमुने बाद झाल्यावर साहेबांना पुन्हा तपासणी होणार असं कारखान्यात कळवावंच लागलं. दीड महिना थांबून मी स्टाफच्या बाराजणांचं रक्त पुन्हा घेतलं. नवे नंबर, नवी लाख. कामगारांच्या काचा लेखनिकानं परत त्यात मिसळून दिल्या आणि बिनखाड्यांनी सगळ्या चोवीस पहिल्यापासून मोजल्या. या वेळी त्यांनी एकाही नंबराबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. पाकीट फुटलं. स्टाफची सरासरी एक-दीडवर आली, भुगा कुणातच नाही. कामगारांची सातच्या सात. बिनखाड्यांच्या शंभर पेशींत एक तुटकं गुणसूत्र होतं, तेही छोटंसं.

अहवाल गेला. मालकानं नाक मुरडलं, पण कागद त्यानंच केला होता. पंखे बसले.

इकडे आमच्या कचेरीनंही न्याय केला. आठजणांचे तापाचे दिवस मागे जाऊन गैरहजर लावले, आणि त्यात बिनखाड्यांचे, मधला रविवार वगळून, नऊ. सत्कार रद्द झाला. पाटी काढायला माणूस आला होता, पण ती भिंतीतच बसवलेली असल्यामुळे निघेना. मग साहेबांनी तिच्यावर अग्निशमनाच्या सूचनांचा तक्ता लावला. तो जरासा आखूड पडतो. खालची मोकळी जागा अजून दिसते.

पंखे सुरू व्हायच्या दिवसासाठी बिनखाड्यांनी नियमाप्रमाणे तीन दिवस आधी रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'बहिणीच्या खात्यातले पंखे सुरू होताना पाहायचे आहेत.' साहेबांनी शेरा मारला: 'कारण समाधानकारक नाही. नामंजूर.'

त्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. पलीकडच्या खोलीतून खट् आलं नाही, तेव्हा मी दोनदा उठून बघून आले. बहीण सांगत होती, दादा पिंपाशेजारी उभा राहिला, पंखा फिरायला लागला तसा हात वर करून वारा कुठे जातोय ते बघत बसला, आणि नंतर तिच्या केसांचा वास घेतला. सगळ्यांसमोर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वेळेच्या पाच मिनिटं आधी ते मस्टरपाशी उभे होते. आदल्या दिवसाच्या घरात लाल शाईनं गैरहजर लिहिलेलं होतं. त्यांनी पान मागे उलटलं, तापाचे नऊ लाल शेरे बोटानं मोजले, मग पुढे येऊन कालच्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"हा एकच खरा," ते मला म्हणाले, सही केली आणि मोजायला गेले.